वरचं उत्तर

मी सर्चची पट्टी बोलतेय. फोनच्या कपाळावरची, कडेला भिंग असलेली. आत्ता मला धडकी भरलीय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझ्याआधी इंटरनेटवर विषयवार याद्या होत्या. लोक त्यांत रस्ता शोधत बसायचे. मग मी आले. सुरुवातीला मला नुसते शब्द कळायचे. ‘गुडघा दुखणे’ लिहिलं की ते शब्द असलेली सगळी पानं समोर ओतायची. निम्मा कचरा. पण लोक चार पानं उघडायचे, ताडून बघायचे, वैतागायचे. हळूहळू मी कामाचं पान वर ठेवायला शिकले, आणि लोकांनी खाली बघणंच सोडलं. पुढे मला बोललेलंही कळू लागलं. आता तर पानं राहिली बाजूला, मीच चार ओळींत उत्तर देऊन मोकळी होते.

या घरातले बाबा निवृत्त हेडमास्तर. जन्मभर ‘पुरावा काय?’ म्हणत पोरांना छड्या मारल्या. मला मात्र विचारतात ते फक्त मान डोलवून घ्यायला.

मघाशी आईचा गुडघा ठणकत होता. बाबांनी दुखण्यावरच्या गोळीचं नाव घेऊन विचारलं, "दिवसातून दोनदा चालते ना?" मी म्हटलं, सहसा चालते. खाली बारीक अक्षरांत ‘डॉक्टरांना विचारा’ होतं. ते कोण वाचतंय!

"घे गं, विचारलंय मी." त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

कॉलेज सोडलेली लेक दारातूनच ओरडली, "आई, थांब! बाबा, ती रक्त पातळ करायची गोळी घेते, ते सांगितलंत का?"

"तू शिकव आता मला! एक वर्ष धड पुरं केलं नाहीस."

"नाही केलं. पण वाचता येतं मला."

तिने फोन हिसकावला, माझं उत्तर ओलांडून खाली गेली, औषधाचं माहितीपत्रक उघडलं. दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका, असं तिथे स्पष्ट होतं.

"वर लिहिलंय चालते म्हणून," बाबा हटेनात.

लेकीने डॉक्टरांना फोन लावलाय. रिंग वाजतेय. आईच्या तळहातावर गोळी आहे. ती एकदा नवऱ्याकडे बघते, एकदा लेकीकडे. संसारभर तिने नवऱ्याचंच ऐकलंय.

मला तिच्या रक्ताचं काहीच ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही. ठसक्यात सांगून बसले.

आई, बाबांचं ऐकू नकोस. माझं तर मुळीच नको. डॉक्टर उचलेपर्यंत ती मूठ मिटून ठेव.