कोपऱ्यातले नाव

मी एक जुनी फिल्म आहे. सिनेमाची नव्हे बरं का, डोक्याच्या फोटोची. माझा जन्म १९९८ साली जालन्याच्या एका दवाखान्यात झाला. वाटूरच्या सोनूबाई मशीनमध्ये डोके ठेवून पडल्या आणि त्यांच्या मेंदूची वीस चित्रे माझ्या अंगावर उमटली.

मित्रांनो, जन्मल्या क्षणापासून मला काळजीने घेरले. वर्षभरात सोनूबाई फार विसरू लागल्या होत्या. पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलले जात नसत, लुगडे ओले झालेले कळत नसे. गाव म्हणे, साठी बुद्धी नाठी. त्यांचा मुलगा बद्रीनाथ मात्र ऐकेना.

तरुण डॉक्टरांनी मला दिव्याच्या पेटीवर लावले. मेंदूमधल्या पोकळ्या मोठ्या दिसत होत्या. मेंदू झिजल्यामुळे तसे झाले असेल, तर आजार वाढतच जाणार होता. पाणी साचून त्या फुगल्या असतील, तर ऑपरेशनची आशा होती. खरे सांगते, माझे मलाच कळत नव्हते.

म्हणून डॉक्टरांनी बद्रीनाथला बाहेर बसवले आणि सोनूबाईंची परीक्षा घेतली. विळा, चिंच, घागर हे शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने त्यांना एकही आठवेना.

"एक आंबट वस्तू होती," डॉक्टर म्हणाले.

"चिंच," सोनूबाई सावकाश म्हणाल्या. तसाच इशारा मिळताच बाकीचेही आठवले. झिजलेल्या मेंदूला सहसा इशाराही पुरत नाही, म्हणून मला धीर आला. मग डॉक्टरांनी नवऱ्याचे नाव विचारले.

सोनूबाईंनी मान खाली घातली.

"म पासून सुरू होतं, आजी."

तरी त्या गप्पच. डॉक्टरांनी कागदावर शून्य लिहिले आणि "झीजच दिसते" असे पुटपुटले. आता या बाईला ऑपरेशनसाठी कोणी औरंगाबादला पाठवणार नव्हते.

तेवढ्यात कौसल्या सिस्टर पुढे झाल्या. "साहेब, आमच्याकडं जुन्या बाया मालकाचं नाव घेत न्हाईत. घ्या आजी उखाणा, मंग सोडतो तुम्हाला."

सोनूबाई लाजल्या. पदर सावरत सावकाश बोलल्या:

"वाटूरच्या वाटेवर बोरी-बाभळी दाट,
मच्छिंद्ररावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

डॉक्टरांनी शून्य खोडले. मेंदूतले पाणी कण्यातही उतरते, म्हणून पाठीतून थोडे काढून पाहिले, तर दुसऱ्या दिवशी सोनूबाई दारापर्यंत चालल्या. पुढे औरंगाबादला ऑपरेशन करून पाण्याला नळीने वाट करून दिली.

आता मी लोखंडी पेटीत लुगड्यांखाली पडून असते. नळी कधी तुंबली तर नव्या फोटोशेजारी मलाच लावतील, म्हणून कोणी पेटी उघडली की धास्ती वाटते. मला दुमडू नका. आणि म्हातारे माणूस गप्प बसले, तर लगेच शून्य लिहू नका. आधी आपला प्रश्न तपासा.

परवा शेजारच्या चांगुणाबाईंनी विचारले, "ह्यात डोक्यातलं समदं दिसतं का?"

सोनूबाईंनी मला उन्हात धरले. "समदं दिसतं. मालकाचं नाव तेवढं दिसत न्हाई."

त्यांना वाचता येत नाही. ते नाव माझ्या कोपऱ्यातच, त्यांच्या नावापुढे छापलेले आहे. पण मीही ते उखाण्याशिवाय घेत नाही.