बिनगोंदाची गाडी

त्या कारखान्यात एक रीत होती. चाकांवरचं घर बांधून झालं की ते पाण्याच्या खोलीत ढकलायचं, आत जमिनीवर कोरा कागद अंथरायचा, आणि ज्यानं बांधलं त्यानंच आत जाऊन बसायचं. मग चहूबाजूंनी पाण्याचे फवारे सुटायचे. आत थेंब शिरला की कागदावर डाग उमटायचा, आणि बांधणाऱ्याचा चेहराही कोरा राहायचा नाही.

आज आत बसायची पाळी चिमणीची होती.

चिमणी सुतारकाम करायची. फळ्यांचे तुकडे, उरलेली लोकर, वाकडे स्क्रू, जे दिसेल ते उचलून आपल्या बाकाखाली जमवायची, म्हणून हे नाव पडलं. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. चहा ओतला तो तसाच निवला. पेन्सिल कानावर होती आणि ती सगळीकडे पेन्सिल शोधत होती.

"कानाला विचार," वायरमन म्हणाला. तो गाड्यांतले दिवे जोडायचा आणि झटके जिभेनं द्यायचा.

तिचा जीव असा वर-खाली व्हायला कारण होतं. आजवर या कारखान्यातल्या भिंती गोंदाच्या. प्लायवूड, फोम, वरून पत्रा, मध्ये गोंद, आणि प्रेसच्या यंत्रात दाबून सगळं एकजीव. पण एकजीव झालेलं मरतंही एकदमच. कोपऱ्यात ओल शिरली की अख्खी भिंत कुजायची. ना लाकूड वेगळं निघे, ना पत्रा. कारखान्यामागं अशा भिंतींचा डोंगर झाला होता. भंगारवालासुद्धा त्याला लांबून नमस्कार करून पुढं जायचा. जेवायच्या सुट्टीत चिमणीची नजर तिकडं गेली की घास तोंडातच फिरायचा.

म्हणून तिनं ही गाडी बांधली. गोंदाचा टिपूस नाही. लाकडी चौकटी एकमेकींत अडकवलेल्या, आत मेंढीची लोकर, बाहेरून प्लॅस्टिकच्या जुन्या बाटल्या वितळवून केलेल्या फळ्या, सगळं स्क्रूंवर. एक फळी बिघडली तर तेवढीच काढा. गाडी म्हातारी झाली तर उलगडा आणि त्याच सामानाची नवी बांधा. कोपऱ्यांत रबराची पट्टी आणि पट्टीमागं बोटभर पन्हळ: चुकून पाणी शिरलंच तर पन्हळीनं खाली उतरावं आणि तळाच्या भोकातून निघून जावं.

मालकीणबाईंनी परवानगी दिली होती, पण शब्दही घेतला होता. "कोरडी राहिली तर पुढच्या सगळ्या गाड्या अशा. गळली तर ही मोडायची, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

चिमणीचे सख्खे काका गोंदखात्याचे प्रमुख. रंधा धरायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. "पोरी," ते गेले कित्येक दिवस म्हणत होते, "माणसांची घरंसुद्धा चिकटून राहतात म्हणून राहतात."

"चिकटलेली भांडतात काका. हात धरून असतात ती टिकतात."

"लग्न कर म्हणजे कळेल," काका म्हणायचे.

पण आज ती दाराशी आली तेव्हा काका हळूच गुणगुणले. हात कामात असले की त्यांच्या तोंडी ओळी अशाच यायच्या:

भिंत म्हणे भिंतीला, सई, हात दे हातात,
पाऊस आला पाहुणा, त्याला घेऊ नको आत.

चिमणीनं दार ओढून घेतलं.

पाणी सुटलं. छतावर, खिडक्यांवर, चाकांखालून. जणू हजार सुपं एकदम पाखडायला बसली होती. चिमणी मांडी घालून मध्ये बसली. समोरचे दोन कोपरे कोरडे. छत कोरडं. खिडक्या कोरड्या. तिच्या ओठांवर हसू फुटायला लागलं आणि तेवढ्यात मागच्या उजव्या कोपऱ्यातून एक काळसर जीभ कागदावर सरकत आली. आवाज नाही, घाई नाही. आली आणि पसरत राहिली.

पाणी थांबलं. दार उघडलं. मालकीणबाईंनी डाग पाहिला, चिमणीकडं पाहिलं. "काम देखणं होतं," त्या म्हणाल्या. 'होतं' म्हणाल्या.

"मोडायचीच आहे तर हा कोपरा आत्ताच उघडते," चिमणी म्हणाली. "बघू तर द्या."

गोंदाची गाडी असती तर करवत लागली असती. इथं चिमणीनं स्क्रू सोडवले आणि फळी कपाटाच्या दारासारखी हातात आली. सगळे वाकले. पन्हळीच्या तळाशी पिवळाधमक गोंद भरलेला, काठोकाठ, वरून बोट फिरवून गुळगुळीत केलेला. भोकाचा पत्ताच नाही.

अशी रेघ त्या कारखान्यात एकाच माणसाच्या हातची होती.

"वा," वायरमन म्हणाला, "फक्त सही राहिली."

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मागचा कोपरा वाऱ्याच्या तोंडी असतो," ते पुटपुटले. "काल जाता जाता म्हटलं, एवढा एकच. तू आत बसणार होतीस. तुला पाणी लागू नये म्हणून..."

चिमणीनं डोळे वटारले, बोलायला तोंड उघडलं, आणि एकदम पन्हळीवर झेपावली. वरचं लाकूड ओलं. कडेची लोकर कोरडी ठणठणीत. तळाशी, गोंदाला टेकून, तळं.

"अहो, हे बघा," तिनं मालकीणबाईंचं मनगटच धरलं. "पाणी पन्हळीनंच आलंय. सांगितल्या वाटेनं, मुकाट. खाली दाराला कुलूप दिसलं म्हणून बिचारं आत वळलं. पन्हळ चालतेय. चालतेय ती."

"पुन्हा लावायला किती वेळ?"

"तुमचा चहा होईस्तोवर."

पण चहाला कोणी गेलंच नाही. काकांनी पटाशी घेतली. आपला गोंद ते स्वतः खरवडू लागले, मान खाली घालून, पण हात असे भरभर की छिलके उडून वायरमनच्या केसांत बसले. खाली ओली झालेली मूठभर लोकर चिमणीनं उपटून दारावर वाळत टाकली आणि बाकाखालून दुसरी आणली. मालकीणबाई ओंजळीत स्क्रू धरून उभ्या राहिल्या आणि एकेक पुढं करू लागल्या, सुईणीला मदत करावी तशा.

नवा कागद अंथरला. वायरमननं काकांची वाट अडवली. "तुमचाही हात लागलाय गाडीला. रीत म्हणजे रीत."

काका आत गेले. पुतणीशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसले. पाणी सुटलं. काका कोपऱ्याकडं पाहत राहिले, चिमणी काकांकडं. दोघांच्या श्वासांची एक लय झाली.

बाहेरून वायरमन ओरडला, "भोकातून धार लागली रे, सुतासारखी."

कागद पांढरा. पांढराच. मालकीणबाई आत आल्या, चारही कोपऱ्यांत तळहात टेकवून पाहिला, आणि आपला कोरडा हात चिमणीच्या डोक्यावर ठेवला. "प्रेस विकून टाकू," त्या म्हणाल्या. "त्या जागी तुझे बाक मांड."

चिमणीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं. मग तिच्या लक्षात आलं. गोंदखातं गेलं म्हणजे काकांचंच खातं गेलं. ती घाबरून वळली.

काका कोपऱ्यात पालथे पडले होते. तिचाच स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात होता, आणि मघाशी लावलेली फळी निम्मी सुटली होती.

"काका, काय करताय?"

"नीट बघतोय," काका फळीमागून म्हणाले. "कोणी कोणाचा हात कुठं धरलाय ते. पुन्हा लागेल ना गं?"

"हवं तितक्या वेळा."

"मग सरक जरा," काका म्हणाले, "उजेड अडवतेस," आणि त्यांनी दुसरी फळीही सोडवायला घेतली.