कोंबडा ऱ्हाऊ दे

आमच्या दारात एक कोंबडा हुता, आन् त्येच्यापायी आईनं दोन कोंबड्या कापल्या.

कोंबडा दिसायला लय झ्याक. तांबडा, मानंवर पिवळी पिसं, तुरा हाताच्या पंजायेवढा. विट्याचा एक गलाईवाला, परमुलखात सोनं गाळनारा, आबाचा दोस्त, दिवाळीला गावाकडं आल्ता तवा त्येनं दिल्ता. आबा त्येला 'सरकार' म्हनायचा. आल्यालं मानूस आदी कोंबडा बगायचं, मग उंबरा वलांडायचं. आबा चौकात सांगत फिरायचा, "ह्या नाथाजीच्या दारात हाय तसला कोंबडा पंचक्रोशीत दावा."

रोज वंजळभर ज्वारी खायाचा. आन् माज असला की पान्याची घागर घिऊन निघालं की पिंडरीला चोच. एकदा म्या दगूड हानला तर आबानं तोच दगूड उचलून मला हानला.

पांढरी कोंबडी खुडूक बसली तवा आईनं तिच्याखाली अंडी ठिवली. तीन आठवडं ती उठली न्हाई. पिल्लू एक न्हाई निघालं. फोडून बगितली तर नुसतं घान पानी. आई म्हनली, "हिला ऊबच न्हाई." ऐतवारी पांढरी कापली. मग काळी बसवली. तिचीबी तीच गत. तीबी कापली. पाय म्याच धरलं. मला त्येचं काय वाटत न्हाई. सुरी फिरली की दुसरीकडं बगायचं आन् पाय सोडायचं न्हाईत, येवढंच.

मास्तरनं छडी हानली ती हिसकून दोन तुकडं केलं, तवापास्नं माझी शाळा बंद. मग दिसभर घरात. घरात बसलं की दिसतंय. सरकार सारखा कोंबड्यांच्या मागं, नुसता धुरळा. पर काळीखालची अंडी म्या घोंगड्यात शिरून बॅटरीवर धरली तर आत समदं निवळ. जित्या अंड्यात तांबड्या शिरा दिसत्यात. शेजारच्या धोंडुबाईनं दावल्यालं.

"आई, खोट कोंबड्यात हाय. त्यो काप."

आई भाकरी थापत हुती. "गप ए. गडी कवा वांझ आसतोय व्हय?"

अक्का चुलीपाशी तांदूळ निवडत हुती. तिनं मान वर केली न्हाई.

अक्का म्हंजी माझी थोरली भन, राजनंदिनी. कोरेगावाकडं दिल्याली. दाजी पलटनीत. लगीन हून सा वर्सं झाली, पोर न्हाई. सासूनं तिला आमच्याकडं आनून सोडल्याली. सांगलीच्या डाक्टरनं अक्काला तपासलं आन् म्हनला, बाईत काय दोष न्हाई, आता नवऱ्याला घिऊन या. दाजी म्हनला, "मी पाठीवर वजं घिऊन धा मैल पळतो. मला काय धाड भरलीया?" ह्ये अक्कानं मला एकटीलाच सांगितलं, आन् आईची शपत घातली.

मग सासूचा, शालूबाईचा, सांगावा आला. धाकटी द्या. दोघी भनी एका घरात नांदतील. न्हाईतर थोरलीला कायमची ठिवून घ्या.

धाकटी म्हंजी मी.

आबा व्हयबी म्हनला न्हाई, न्हाईबी म्हनला न्हाई. आबाचं आसं आसलं की समजायचं. अक्का माझी येनी घालत म्हनली, "चांगलं घर हाय वैजे. विहीर हाय, दोन म्हशी हायत. मी हाय की तुझ्याबरुबर."

"त्यो पस्तिशीचा बाप्या हाय."

"बाप्याचं वय कोन बगतंय?"

म्या तिच्या हातातली फनी घितली आन् भिताडावर फेकली. दातं तुटून खाली पडलं.

मला आईला दावायचं हुतं. तोंडानं सांगून ती ऐकत न्हाई, डोळ्यानं बगितलं की गप बसती. आमची एकच म्हातारी कोंबडी उरल्याली, कवडी. ती खुडूक बसली तशी मी धोंडुबाईकडं गेले. धोंडुबाईचा कोंबडा एका डोळ्यानं आंधळा, शेपटी झडल्याली, मांजर बगितलं तरी पळायचा.

"तुझ्या कोंबड्याची अंडी दे. पिल्लं निघाली की निम्मी तुझी."

"आन् न्हाई निघाली तर?"

"तर मला लगीन करायला लागतंय."

धोंडुबाई हसली. तिला वाटलं मी चेष्टा करती. तिची नात अक्षता परकराच्या वट्यातनं अंडी घिऊन आली. माझ्याच वयाची, आईबाप न्हाईत. कुनी शिव्या दिल्या तरी हसायची. वट्यातलं एकबी अंडं टिचू दिलं न्हाई तिनं. "कवडीला ऊब हाय गं," म्हनली, "बग तू."

म्या आमची अंडी खाऊन टाकली आन् तिची कवडीखाली ठिवली. आईला म्हनलं, ही धोंडुबाईची हायत. कोंबडी आपलीच. निघाली तर खोट कुनात हाय त्ये बग. आई म्हनली, "बगू." आंगनात सरकार मान ताट करून उभा हुता.

ज्या दिशी अंडी टिचायला लागली, त्याच दिशी दुपारच्या वडापच्या जीपनं शालूबाई आन् दाजी आलं. सांगावा न्हाई, काय न्हाई. आबानं पळत जाऊन बाज टाकली. दाजीनं बूट काडलं, मिशीवरनं हात फिरवला आन् सरकारकडं बगून म्हनला, "कोंबडा लय तालेवार हाय, पावनं."

आबा फुलला. "दाराची शोभा हाय."

आई मला कोपऱ्यात वडून म्हनली, "कालवनाला काय करायचं? कोंबडा कापू का?"

आबानं बाजंवरनंच ऐकलं. "कोंबडा ऱ्हाऊ दे."

शालूबाई पान लावत हुती. चुना बोटावर घेत म्हनली, "ईनबाय, बसून खाती आन् देत काय न्हाई, ती कापायची आसती. त्यात काय इच्यारायचं?"

अक्का पान्याचा तांब्या घिऊन उंबऱ्यात उभी हुती. शालूबाई तिच्याकडं बगूनच म्हनली.

म्या कवडीच्या डालग्याम्होरं आडवी पडले. "आई, आजच्या दिस थांब. अंडी टिचल्यात. आतनं चिवचिव ऐकू येतीया, कान लावून बग."

"पावनं आज आल्यात, उद्या न्हाई."

"तू बगती म्हनालीस!"

"वैजे, ऊठ. तमाशा नगं."

मी उठत न्हाई म्हनल्यावर अक्कानं माझं दोनी हात मागनं धरलं. तिच्यात येवढी ताकद कुठली आली, मला म्हाईत न्हाई. आईनं कवडीला उचललं. कवडी अंड्यावरनं निघता निघंना, नखं पेंड्यात अडकल्याली. आबानं आंगनात तिची मान कापली. ह्या येळंला पाय अक्कानं धरलं.

म्या अंडी जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीच्या आडोशाला ठिवली. त्याच चुलीवर कवडी शिजत हुती.

जेवायला आबा, दाजी आन् शालूबाई बसली. मी वाडत हुते. शालूबाई म्हनली, "वाड गं सावकाश. तुझ्या हातचं खायची सवय लावून घ्यायला पायजे आता."

दाजी रस्सा वरपत म्हनला, "तिखट हाय."

"रस्सा का पोरगी?"

"दोनीबी." आन् हसली समदी. आबाबी हसला. दाजी म्हनला, "पलटनीत आसलं लय जन सरळ केल्यात, आय. तू काळजी करू नगंस."

शालूबाई आबाला म्हनली, "मग पावनं, आवंदाच्या माघात उरकून घिऊ. गाजावाजा नगं. देवळात चार मानसं."

आबानं मान हलवली. समद्यांच्या म्होरं, भाकरी चावत. मी बगत हुते.

मी आत गेले. लुगडं सोडलं. एका अंड्याला भोक पडल्यालं, आतनं चोच हालत हुती. म्या नखानं कवच सोललं. वलं, काळं, मान न धरता येनारं पिल्लू. जित्तं हुतं. भायेर आले आन् दाजीच्या ताटात, रश्श्याच्या कडंला, ठिवलं.

"ह्ये बगा. अंडं धोंडुबाईच्या आंधळ्या कोंबड्याचं. उबवलं आमच्या कोंबडीनं. जी तुमी खाताय ती. दोन कोंबड्या कापल्या, ही तिसरी, आन् खोट त्या भायेरच्या शोभंत हाय. सांगलीच्या डाक्टरनंबी त्येच सांगितलंय, दाजी. तुमी का गेला न्हाईसा?"

दाजीनं अक्काकडं बगितलं. अक्काचं तोंड पांढरं पडलं. मग त्येनं सावकाश तांब्या उचलला आन् ताटातच हात धुतलं. पिल्लू पान्यात तरंगलं, दोनदा पाय झाडलं, मग न्हाई.

आबानं मला लाथ घातली ती कमरंत बसली. दुसरी मी चुकवली. शालूबाई वरडली न्हाई. पदरानं तोंड पुसत म्हनली, "ऱ्हाऊ दे पावनं, मारू नका. आसल्या जिबीची सून आमाला नगं. सोन्यानं मडवून दिली तरी नगं."

मी भुईवर पडल्या पडल्या हासले. सुटले हुते मी.

मग शालूबाई अक्काकडं वळली. "आन् तूबी हितंच ऱ्हा. घरातलं भायेर सांगनारी मला चालत न्हाई. चल रं वीरधवल," दाजीला म्हनली.

अक्का तिच्या पायावर पडली. पाय सुटंनात म्हनून शालूबाईनं तिच्या बोटांवर दुसरा पाय ठिवला. "आत्ती, मी न्हाई सांगितलं. ही पोरगी येडी हाय. आत्ती, मला घर सोडाय लावू नगा." दाजी बूट घालत हुता, नाडी बांदत. कुनाकडं बगत न्हवता.

आई आत चुलीपाशी लुगडं उघडून बसल्याली. उरल्याली अंडी टिचत हुती. एक फुटलं, मग शेजारचं. तिला समदं कळलं, मला तिच्या तोंडावर दिसलं. ती भायेर आली आन् दारातनं आबाला म्हनली, "आवं, कोंबड्याचं काय करायचं?"

आबानं तिच्याकडं बगितलं. "काय करायचं म्हंजी? ऱ्हाऊ दे."

"बरं," आई म्हनली, आन् आत गेली.

तवा अक्कानं मान वर केली. नाक पुसलं. "आत्ती, शेजारच्या धोंडुबाईची नात हाय. अक्षता. आईबाप न्हाईत. आपल्यातलीच हाय. तोंडातनं सबूद निघत न्हाई तिच्या. मी सांगितलं तर धोंडुबाई न्हाई म्हननार न्हाई."

शालूबाई थांबली. "दिसाय कशी हाय?"

"गोरी हाय."

"आन् गप आसती?"

"मारलं तरी गप."

शालूबाईनं दाजीकडं बगितलं. दाजीनं नाडी बांदायची थांबवली.

अक्कानं देवापुढचा कुकवाचा करंडा घितला, पदर नीट केला आन् दोघांस्नी घिऊन निघाली. मी उठून तिच्या मागं गेले. आमच्या आन् धोंडुबाईच्या घराच्या मधी कमरंयेवढं दगडी कुंपान हाय. तितं तिचा हात धरला.

"अक्के, तुला म्हाईत हाय तिला काय हुनार. सा वर्सांनी तीबी आशीच—"

अक्कानं हात सोडवला न्हाई. हळू म्हनली, आत्तीला ऐकू जाऊ नये म्हनून. "मग तू चल. अजून आत्तीच्या पायावर पडलीस तर ती घील तुला. पडतीस?"

मी तिचा हात सोडला.

ती गेली. धोंडुबाईच्या सोप्यात घोंगडं अंथरल्याचा आवाज आला. दाजीचं बूट उंबऱ्यापाशी काडल्यालं दिसत हुतं. अक्काचा आवाज मोठा झाला, लय गोड. विहीर सांगत हुती, दोन म्हशी सांगत हुती. धोंडुबाई म्हनली, "आमचं कुटलं गं येवढं नशीब!" अक्षताचा आवाज कुठंच न्हाई.

जरा येळानं अक्षता कुंपनापाशी आली. कपाळाला कुकू लावल्यालं, वलं, नाकावर सांडल्यालं. हातात रिकामी वाटी.

"वैजे, वाटीभर साखर दे की," हासत म्हनली. "आमच्यात पावनं आल्यात."

मी आत गेले, डबा काडला, आन् वाटी काठोकाठ भरून तिला दिली.