काळा मळत नाही

घड्याळांच्या दुरुस्ती केंद्रातून फोन आला तेव्हा रफूवालीच्या दातांत दोरा होता. त्यामुळे पहिलं अर्धं मिनिट ती नुसतीच "हं, हं" करत राहिली आणि पलीकडच्या मुलीला वाटलं, बाईंना सगळं पटतंय.

"मग निळी पाठवू की पांढरी?" मुलीने विचारलं.

रफूवालीने दोरा थुंकला. "काय निळी की पांढरी?"

"डायल हो. तुमच्या घड्याळाची. काळी त्या मॉडेलला आता येत नाही."

"येत नाही म्हणजे? आमची आहे ना काळी. म्हणजे, होती काळी."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. मग मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही एकदा इकडे येऊनच जा ना बाई." माणसं एकदम गोड बोलायला लागली की काहीतरी बिघडलेलं असतं, हे रफूवालीला चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाच्या कोटाला इस्त्रीचा डाग पडला की तिचाही आवाज असाच व्हायचा.

घड्याळ तिचं नव्हतं, नवऱ्याचंही नव्हतं. ते तिच्या धाकट्या दिराचं. दीर बोटीवर नोकरीला होता. बावीस वर्षांपूर्वी त्याला बढती मिळाली तेव्हा, आयुष्यात एकदाच अशी चैन करतोय म्हणत, तो भावाला आणि वहिनीला घेऊन मोठ्या घड्याळांच्या दुकानात गेला होता. पसंत पडलं ते क्रोनोग्राफ. चावीचं, आत तीन छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटणं. एक दाबलं की लांब काटा सेकंद मोजत पळायला लागायचा. घड्याळ एकच, पण मोठ्या तबकडीचे रंग दोन, काळा आणि निळा. दीड तास झाला तरी स्वारीचं ठरेना. विकणारा बिचारा तीनदा पाणी पिऊन आला. शेवटी मास्तर कंटाळून म्हणाले, "हिला विचार. हिला रंगातलं कळतं."

मास्तर म्हणजे रफूवालीचा नवरा. शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळ्या गल्लीचे मास्तर. बायकोचं असं चारचौघांत कौतुक करण्याची त्यांची ती एकमेव पद्धत होती, आणि रफूवाली त्या वाक्यावर महिनाभर जगायची.

"काळा घ्या भावोजी," ती म्हणाली होती. "काळा मळत नाही."

काळा मळला. बोटीच्या उघड्या डेकवर सात-आठ वर्षं ऊन खाऊन त्या तबकडीचा रंग उतरू लागला आणि ती चक्क तपकिरी होत गेली. दर सुट्टीला दीर घरात शिरला की चपला काढण्याआधी मनगट तिच्या नाकासमोर धरायचा. "वहिनी, तुमचा काळा मळला हो!" मग सगळे हसायचे. तीही हसायची, पण आत कुठेतरी तिला लागायचं. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने दोऱ्याचा रंग चुकला म्हणून कपडा परत आणला नव्हता, आणि घरातल्याच मनगटावर तिची ही चूक मिरवत होती. दिराला मात्र ती चूक फार आवडायची. क्रोनोग्राफचं बटण दाबून तो घरातली वाटेल ती गोष्ट मोजायचा. मास्तरांचं व्याख्यान, अकरा मिनिटं. वहिनीचा चहा, चार मिनिटं बारा सेकंद. "आज ढिलाई झाली वहिनी, काल तीन पन्नास होते."

दोन वर्षांपूर्वी धाकटा बोटीवरच गेला, झोपेत. त्याचं सामान एका पाकिटात आलं, त्यात चष्मा, दाढीची पेटी आणि हे घड्याळ. मास्तर रडले नाहीत. त्यांनी फक्त बोलणं कमी केलं, आणि कमी करता करता ते जवळजवळ संपवलंच. दिवसाकाठी एक गोष्ट मात्र ते नेमाने करायचे. सकाळी घड्याळाला चावी द्यायची, हिने चहाचं आधण ठेवलं की बटण दाबायचं आणि कपात चहा पडला की सांगायचं, "चार मिनिटं." तेवढंच. पण त्या दोन शब्दांवर रफूवालीचा अख्खा दिवस निघायचा.

गेल्या थंडीत घड्याळ बंद पडलं. मास्तरांनी ते कानाशी धरलं, दोनदा हलवलं, खणात ठेवलं आणि खण बंद केला. त्यानंतर चहा किती वेळात झाला ते या घरात कुणी बोललं नाही.

तीन महिने तिने वाट पाहिली. मग एक दिवस गुपचूप खणातून घड्याळ काढून दुरुस्ती केंद्रात नेलं. घड्याळ सुरू झालं की माणूस सुरू होईल, असा साधा हिशेब. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला आणि विचारलं, "डायल खराब झालीय. पूर्वीसारखं करून द्यायचं का सगळं?" रफूवालीला वाटलं, देवच बोलतोय. आपली चूकही यात धुऊन निघेल. घड्याळ पुन्हा काळं होईल, कोरं, त्या दिवशी दुकानात होतं तसं, आणि मास्तर बघतच राहतील.

"हो हो," ती म्हणाली, "होतं तसं करा." आणि सही ठोकली. कापडातला सुटलेला धागा तिला चष्म्याशिवाय दिसायचा. फॉर्मवरची बारीक अक्षरं तिने आयुष्यात कधी वाचली नव्हती.

केंद्रात ती पोहोचली तेव्हा त्या मुलीने तिला इतक्या मऊ खुर्चीत बसवलं की तिला धड ताठ बसता येईना. आतून कारागीर आला. पांढरा कोट, कपाळावर सरकवलेलं भिंग. त्याच्या हातातल्या ट्रेमध्ये काचेच्या झाकणाखाली दोन तबकड्या होत्या, ओव्हरकोटाच्या मोठ्या बटणाएवढ्या. एक निळी, एक पांढरी. रफूवाली ट्रे घेऊन सवयीने खिडकीशी गेली. रंग दिव्याखाली बघायचा नसतो.

दोन्ही सुंदर होत्या. त्याचाच तिला राग आला.

"यातली कुठलीच नको," ती म्हणाली. "काळी नसेल तर राहू द्या. जुनीच बसवा परत."

कारागिराने मुलीकडे पाहिलं आणि मुलीने फॉर्मकडे.

"जुनी नाहीये बाई," कारागीर म्हणाला. "जुनी पाठवल्याशिवाय कंपनी नवी देत नाही. आणि तिकडे गेलेली कापून टाकतात. नकली घड्याळात कुणी बसवू नये म्हणून. फॉर्मवर लिहिलेलं असतं." त्याने बोट ठेवलं. बोटाखाली तिची सही होती, चांगली ठसठशीत.

मुलीने ती मऊ खुर्ची पुढे सरकवली. तरी ती खुर्चीकडे गेली नाही, कारण त्या खुर्चीतून पुन्हा उठणं झालं नसतं.

"तपकिरी होती ती," ती म्हणाली.

"माहितीये. मीच काढली. खोटं कशाला सांगू, हात थांबला होता माझा. इतकी एकसारखी पिकलेली डायल दहा वर्षांत पाहिली नव्हती. जुन्या घड्याळांचे शौकीन शोधत फिरतात अशी. पण फॉर्मवर लिहिलं होतं, होती तशी करा. मला वाटलं, घरच्यांना नकोशी असेल."

घरच्यांना नकोशी! मग तिला एकदम तिच्या खिडकीतले दोरे आठवले आणि तिच्या जिवात जीव आला. जुन्या कपड्याला नवा दोरा शोभत नाही, डोळ्यांत खुपतो. म्हणून ती नव्या दोऱ्यांच्या लडी वर्ष-वर्ष खिडकीत उन्हात टाकायची आणि मग त्या विटलेल्या दोऱ्याने विटलेलं कापड विणायची.

"उन्हात ठेवली तर?" तिने विचारलं. "ही निळी. खिडकीत ठेवते मी. रोज. कितीही वर्षं लागू देत."

कारागिराने भिंग काढून खिशात टाकलं. "त्या काळच्या रंगात खोट होती बाई, म्हणून ऊन लागून तो उतरायचा. कंपनीने पुढे ती खोट काढून टाकली. आता ही शंभर वर्षं उन्हात ठेवा, आहे तशी राहील." गिऱ्हाइकाला हमी द्यायची सवय त्याला, वाक्य तोंडातून निघाल्यावर तो खाली बघू लागला.

आठवड्यात रंग सांगा, एवढं मुलगी म्हणाली, नाहीतर दोन्ही परत जातील.

ती घरी आली तेव्हा मास्तर खिडकीशी बसले होते. वर्तमानपत्राचं सकाळी उघडलेलंच पान समोर होतं. रफूवालीने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"अहो, मी एक घोळ करून ठेवलाय," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. खण, केंद्र, फॉर्म, सही, कारागीर. आपल्याला ते तपकिरी नेहमी खुपायचं, तेही सांगितलं. हे तिने कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी मान वळवली. कितीतरी महिन्यांत त्यांनी तिच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. आता ओरडतील, तिला वाटलं. ओरडू देत. भांडं फेकू देत. ती मनातल्या मनात त्यांना विनवत होती.

"कापली?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"किती तुकडे?"

गणिताच्या मास्तरांनी विचारावा तसाच प्रश्न होता. "माहीत नाही हो," ती म्हणाली.

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "आता कुठले रंग आहेत?"

"निळा आणि पांढरा."

"तूच ठरव. तुला रंगातलं कळतं."

तिने त्या वाक्यात टोमणा शोधला. सापडला असता तर ती सुखाने मेली असती. टोमणा नव्हता, राग नव्हता, काहीच नव्हतं. मास्तरांनी पुन्हा वर्तमानपत्राकडे तोंड केलं.

एका नजरेत दोऱ्याचा रंग सांगणारी ती बाई, तिला सहा दिवस ठरवता येईना. रफू करायला बसली की दुकानातली ती दुपार डोळ्यांपुढे यायची. दीर दीड तास अडून बसला होता, असं सगळे म्हणायचे. अडून कुठला बसला होता? निळी त्याच्या हातातच होती. सारखी उजेडाकडे धरून बघत होता. वहिनी काळी म्हणाली आणि त्याने ती निळी ट्रेमध्ये ठेवून दिली, हसत, एक शब्द न बोलता. हे तिने तेव्हाही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण मास्तरांच्या कौतुकाने ती तेव्हा जमिनीवरच नव्हती.

सातव्या दिवशी तिने फोन करून निळी सांगितली.

घड्याळ आलं ते झळझळीत. एक सेकंद पुढे नाही, एक सेकंद मागे नाही. तिने ते मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी कानाशी धरलं, उलटं करून पाहिलं, म्हणाले, "छान चालतंय," आणि कुणा पाहुण्याची विसरलेली वस्तू परत करावी तसं तिच्या हातात दिलं. दीर कोणता रंग धरून उभा होता, ते तिने त्यांना सांगितलं नाही. सांगून कुणाचं भलं होणार होतं?

ते बंद पडलेलं बघणं काही तिच्याच्याने होणार नाही. म्हणून आता रोज सकाळी चावी तीच देते. आधण ठेवलं की बटण दाबते, लांब काटा निळ्यावरून पळतो, कपात चहा पडतो.

"चार मिनिटं पाच सेकंद," ती मोठ्याने म्हणते.

मास्तर कप पुढे ओढतात, फुंकर मारतात आणि विचारतात, "किती वाजले?"

"सव्वासात," ती सांगते.