पाहुणीचं सुतक

हौसाबाईंना गप्प बसणं कधी जमलं नाही. रसिकाला बघायला म्हणून त्या शेजारून आल्या आणि चहा संपायच्या आत विचारून मोकळ्या झाल्या, "ते पेशी का काय घातले तुझ्या आंगात, ते जित्या माणसाचे काय मेलेल्याचे गो?"

रसिकाने हे डॉक्टरांना कधी विचारलंच नव्हतं. सहा वर्षं क्रोन्सच्या आजाराने तिची आतडी पोखरली होती आणि गुदद्वाराशेजारी भगंदराचं तोंड उघडलं होतं. त्यातून पू यायचा. वेंगुर्ल्याच्या कारखान्यात काजूगर निवडायला बसवेना म्हणून काम सुटलं. गावात सांगायचं, मूळव्याध. जखम तिने आईलासुद्धा कधी दाखवली नाही. मोरीची कडी लावून, आरशात बघून, स्वतःच पट्टी बदलायची. भगंदरात दोरा घालून झाला, औषधं झाली, एक ऑपरेशन वाया गेलं. शेवटी गोव्यातल्या इस्पितळात डॉक्टर विनीताबाईंनी भगंदराची वाट खरवडून साफ केली, आतलं तोंड शिवलं आणि भोवतीच्या मांसात कुणा निरोगी माणसाच्या चरबीतून काढून वाढवलेल्या पेशी टोचल्या. त्या पेशी आतली आग शमवतील, मग मांस भरून येईल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. भरलं की नाही ते सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये कळणार होतं.

हौसाबाई गेल्या, प्रश्न मात्र घरात राहिला. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना रसिकाला वाटलं, मोरीत आपण एकटी नाही. मागे कुणीतरी उभं आहे, आणि वासाने नाक मुरडत नाही. कडी काढून ती बाहेर पळाली. पण पट्टी रोजच बदलायची, पळून पळून पळणार कुठे? आठवड्याभरात ती त्या पाहुणीशी बोलायला लागली. पेशी देणारंच माणूस हे, आणि ती बाईच असणार, असं तिने आपलं ठरवून टाकलं. "बघ गो, आज पू कमी आसा मा?" उत्तर यायचं नाही, पण मानेला ऊबदार श्वास लागायचा. सहा वर्षांत एवढ्या जवळ कुणी आलं नव्हतं. खरं सांगायचं तर रसिका सकाळची वाट बघायला लागली होती.

एमआरआयच्या दिवशी आई सोबत होती. डॉक्टर पडद्यावर चित्र दाखवत म्हणाल्या, "वाट बुजलीय. आजार आहेच, औषधं सोडायची नाहीत, पुन्हा उघडणारच नाही असंही सांगत नाही. पण आज बंद आहे."

"आणि त्या पेशी?" रसिकाने विचारलं. "ज्यांच्या आहेत, त्या बाई जिवंत आहेत?"

"देणारं माणूस कोण, ते आम्हालाही कळवत नाहीत. देताना धडधाकट होतं, एवढं नक्की. पेशी मात्र तुमच्यात उरलेल्या नाहीत. पहिल्या काही आठवड्यांतच त्या मरून जातात. त्यांनी सुरुवात करून दिली, भरून आलंय ते तुमचंच मांस."

काही आठवडे. मग पुढचे महिने मोरीत कोण होतं?

परतताना एसटीत आईने हळूच विचारलं, "तुझ्या आंगात गेले मा ते? मगे आपणाक सुतक धरूक व्हया काय?" रसिका आधी खो खो हसली, आणि मग तिला रडू आवरेना. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायला लागला.

सकाळी ती मोरीत गेली, कडी लावली आणि उभी राहिली. मानेशी काही नाही. "आसस मा?" तिने विचारलं. नळाचं पाणी बादलीत पडत राहिलं. बरी झाली होती ती, आणि इतकी एकटी ती आजारातही नव्हती. पहिल्या दिवशीची भीती या भीतीपुढे काहीच नव्हती. तिने कडी काढली.

"आये, हंय ये. माका बघ."

आई चष्मा पुसत आली. रसिकाने तिच्याकडे पाठ केली. कितीतरी वेळ आई वाकून बघत राहिली, बोटांनी चाचपत राहिली.

"खंय होती गो जखम?"

"थंयच."

"माका दिसना नाय," आई म्हणाली आणि पुन्हा चष्मा पुसायला लागली. "सहा वर्षां दाखवलंस नाय, आणि आता माका दिसना नाय गो."