दोन काळे पत्रे

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि औषधानं थांबेल असलं ते दुखणं नव्हतं. बाळंतपणाची रजा संपवून ती प्रयोगशाळेत परतली, तर तिच्या टेबलावर धाकटी जाऊ ठाण मांडून बसलेली. रजेपुरतं तिला इथं चिकटवलं होतं, तेही थोरलीनंच शब्द टाकून! आणि सहा महिन्यांत या बाईनं स्वतःचा लेपसुद्धा तयार केला. घरी सासूबाईंचं एकच, "आमची धाकटी भारी हुशार हो!" बाळही हल्ली तिच्याकडेच झेप घ्यायचं.

आज दोघींचे पत्रे भट्टीतून बाहेर आले. तांब्याचे, वर काळा लेप. ऊन पिऊन पाणी तापवायचं त्यांचं काम. दोनशे तास तापूनही ज्याचा लेप सुटणार नाही, तोच वर्षभराच्या चाचणीसाठी गच्चीवर जाणार. प्रयोगशाळेच्या मॅडम एकच निवडणार. थोरलीच्या लेपामागे चार वर्षं होती.

परीक्षा साधी. पात्यानं लेपावर बारीक चौकटी कापायच्या, चिकटपट्टी दाबून बसवायची आणि खस्सकन ओढायची. फक्त आपल्या पत्र्याला आपण हात लावायचा नाही.

थोरलीनं धाकटीच्या पत्र्यावर पट्टी अंगठ्यानं घासघासून बसवली आणि ओढली. पट्टी कोरी. पुन्हा ओढली. कोरीच!

"ताई, पत्रा उचकटताय की काय?" धाकटी हसली.

"नियमात तीनदा आहे."

नियमात एकदाच होतं. तिसरी पट्टीही स्वच्छ निघाली.

मग धाकटीची पाळी. तिनं पट्टी नुसती टेकवली आणि झोपलेल्या बाळाचं दुपटं काढावं तशी हलकेच सोलली. कोरी.

"तुमचाही पास! मॅडमना सांगते, दोन्ही सारखेच. तुमचाच जाऊ दे गच्चीवर."

थोरलीला हायसं वाटलं. क्षणभरच. मग कानशिलं तापली. हुशारी हिची, कौतुक हिचं, आता मनाचा मोठेपणाही हिचाच?

"नीट ओढ."

"अहो ताई, कशाला उगाच…"

"मी ओढली तशी ओढ. दया नकोय मला तुझी."

धाकटीनं पट्टी घासून बसवली आणि ओढली. निम्म्या चौकटी पट्टीबरोबर निघून आल्या. खाली तांबं लख्ख दिसू लागलं.

थोरलीनं ती काळी पट्टी नोंदवहीत चिकटवली, खाली तारीख घातली.

"काय घातलंस गं तुझ्या लेपात?" तिनं शेवटी विचारलं.

धाकटी उत्साहानं सांगू लागली. थोरली मान डोलावत, एकेक शब्द टिपत ऐकत राहिली. चूक शोधत.