खुर्चीतली फाईल क्रमांक ४१२

मी फाईल क्रमांक ४१२ बोलतेय. आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. बावीस वर्षं एक माणूस माझ्यावर बसून होता.

माझा जन्म नगरपालिकेतला. एका वर्षी चौकातलं मोठं घड्याळ अकरा मिनिटं पुढे पळू लागलं आणि लोक तक्रारी घेऊन तुटून पडले. दोनशे चौदा पत्रं! त्यातली एकेचाळीस एकट्या न्हाव्याची. ती सगळी दोऱ्यानं एकत्र शिवली, तीच मी. अंगानं चांगली जाडजूड. तिथेच माझा घात झाला.

पुढे मी अभिलेखागारात आले. तिथले दप्तरकाका म्हणजे शिस्तीचा पुतळा. फाईल हलली की तिच्या जागी चिठ्ठी लागलीच पाहिजे. कुणी, कशासाठी, किती दिवस! पण एकदा कार्यालयाकडून नवी खुर्ची आली, ती निघाली बुटकी. काकांची हनुवटी टेबलाला टेकू लागली. "तात्पुरती घेतो," म्हणत त्यांनी मला उशीखाली सरकवलं. चिठ्ठी? स्वतःच्या बुडाला कसली चिठ्ठी!

गेल्या महिन्यात एक संशोधक बाई आल्या. त्या घड्याळावरच प्रबंध लिहीत होत्या.

"काका, चारशे बारा मिळाली नाही तर माझं अख्खं प्रकरण जाईल हो! सर म्हणतात, ऐकीव गोष्टी नकोत, पुरावा आणा."

काकांनी पाच दिवस कपाटं पालथी घातली. दमले की माझ्यावरच येऊन बसायचे आणि उसासे टाकायचे. "अहो, उठा!" मी खालून ओरडायचे. पण फाईल उघडल्याशिवाय तिचं ऐकतो कोण? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे तर काखेच्याही बरंच खाली होतं.

शेवटी त्यांनी 'गहाळ'चा शिक्का काढला. तो पडला की मी यादीतून कायमची गेले. मला फार वाईट वाटलं. बाईंचेही डोळे भरले. ते पाहून काका विरघळले आणि उठले.

"बसा, बाई. पाणी आणतो."

बाई बसल्या आणि ताडकन उठल्या. "काहीतरी टोचतंय हो!"

ती माझ्या दोऱ्याची गाठ. काकांच्या ती अंगवळणी पडली होती.

काकांनी उशी उचलली, मी सापडले आणि बाईंचं प्रकरण वाचलं. मी आता स्वच्छ खोक्यात ऐसपैस राहते आणि काका हनुवटी टेबलावर ठेवून काम करतात. तुमचंही काही हरवलं, तर शिक्का उचलण्याआधी एकदा उठून बघा, एवढीच विनंती.

काकांनी राहिलेली चिठ्ठीही भरली, ती माझ्यातच लावलीय. 'फाईल नेणारा : मी. कारण : बसणे. मुदत : बावीस वर्षं.' खाली ठसठशीत सही.